दोन्ही कान दिसले पाहिजेत

राज्यांच्या अधिकारासाठी दिल्लीशी शेवटपर्यंत झुंजलेले एकच गृहस्थ मी जवळून पाहिले. ते म्हणजे भाऊसाहेब. साताऱ्याकडच्या आमच्या तहसील कचेरीत ते अव्वल कारकून होते आणि त्यांचं शस्त्र म्हणजे टेबलाचा खालचा खण. दिल्लीचं पत्र आलं की ते कपाळाला लावत, खणात ठेवत आणि म्हणत, "मुरू द्या."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मतदारांना फोटोची ओळखपत्रं द्या, असं दिल्ली म्हणे. एवढा खटाटोप झेपणार नाही, असं मुंबई म्हणे. भाऊसाहेबांचा खण मुंबईच्या बाजूनं होता. मग ओळखपत्रं नाहीत तर निवडणूक नाही, असा दिल्लीचा दम आला आणि मुंबईचा विरोध एका बैठकीत मावळला. खणातली पत्रं वर आली. त्यांत एक अट होती: डोकं उघडं हवं, दोन्ही कान दिसले पाहिजेत.

शाळेत फोटो सुरू झाले. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी स्टुलावर बसली. सांगलीहून आलेल्या फोटोग्राफरनं तिला पदर मागं घ्यायला सांगितलं.

"परक्या बाप्यापुढं? मी मेल्यावर काढ फोटू."

"कार्ड नसंल तर मत न्हाई, आजी."

म्हातारी उठली. पहिल्या निवडणुकीपासून तिचं एकही मत चुकलं नव्हतं.

"बसा आवं," भाऊसाहेब म्हणाले. "आन् तू रं, मत काय कानानं देनार हाय का ती? काढ तसाच."

त्या दिवशी सगळे पदर, सगळी मुंडाशी तशीच फोटोत आली. प्रत्येक कागदावर त्यांनी 'प्रथेनुसार' लिहून सही केली.

"निवृत्तीला सात महिने राहिलेत," मी म्हणालो. "सही तरी नका करू."

"मग तुमच्यावर येईल."

म्हातारीनं मत दिलं. भाऊसाहेबांना नोटीस आली. उत्तरात त्यांनी लिहिलं: 'ओळख पटावी हा हेतू आहे. पदर काढल्यास या बाईंना गावात कोणी ओळखणार नाही.'

चौकशी लांबली आणि पेन्शन अडकली. दर सोमवारी ते यायचे आणि आपल्याच जुन्या टेबलासमोरच्या बाकावर, अभ्यागतांसारखे, टोपी सारखी करून बसायचे. मी नजर चुकवायचो.

"काय म्हणतंय प्रकरण?" कुणी विचारी.

"मुरतंय."

तिसऱ्या वर्षी बाक रिकामा झाला. तेराव्याला आम्ही सगळे गेलो.

पुढच्या महिन्यात निकाल आला. ते निर्दोष होते. पेन्शनसाठी त्यांनी समक्ष हजर राहावं, असं पत्रात होतं, आणि येताना ओळखपत्र सोबत आणावं.