मिटलेलं भांडण

त्या गृहस्थांना मी एकदाच पाहिलं, ऐंशीच्या दशकात, मुलुंडच्या आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये. नाव आठवत नाही, पण हात अजून डोळ्यांसमोर आहेत. बोलताना ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अलगद गुंतवायचे आणि "असं एक व्हायचं" म्हणून हसायचे. खेडोपाडी जाऊन वेदान्ताच्या आधारे भांडणं मिटवतो, असं ते सांगत होते.

एका गावात बौद्धवाड्यातल्या बायकांनी गावच्या विहिरीवर घागरी नेल्या म्हणून लाठ्याकाठ्या निघाल्या होत्या. यांनी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवलं आणि सगळ्यांत एकच आत्मा कसा आहे ते समजावलं. माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

मला राहवेना. मी उभा राहिलो. "आणि पाणी? आता कुठून भरतात त्या?"

त्यांनी समोरचा ग्लास उचलला, सावकाश पाणी प्याले, रुमालाने ओठ टिपले.

"ओढ्यावरून, पूर्वीसारखंच. विहिरीचा विषय मी काढलाच नाही हो. काढला असता तर शांतता बिघडली असती."

शेजारचा माझा शर्ट ओढत म्हणाला, "बस ना यार, एवढं छान चाललंय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. यांनी आत्मा तेवढा एक करून दिला, विहीर होती तिथेच राहिली. भांडण कसलं मिटवलं? भांडायला उठलेल्या बायकांना गप्प बसवलं.

त्या गावात अजूनही शांतता असेल. बायका ओढ्यावर जात असतील.