जब्बारमिस्त्री आणि काळी भिंत

११ मार्च २०२५, मंगळवार. सकाळी विहिरीत दोन हात पाणी. दुपारी ग्रामसभा. जब्बारमिस्त्रींना गावात विहिरीचं काम द्यायचं नाही, असं ठरलं.

रागाने अक्षर बिघडतं आहे.

जब्बार शिंदखेड्याचे. चाळीस वर्षं विहिरी खोदतात. शेतामागची काळ्या दगडाची लांब भिंत मला त्यांनीच समजावली. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन तडकली, खालचा वितळलेला दगड भेगेत चढला आणि तिथेच थिजला. "अक्का, वर दिसते ती कमरेएवढी. खाली किती, अल्लाला माहीत. जमिनीतलं पाणी हिला अडतं, म्हणून तुमची विहीर भरलेली. जमिनीतलं धरणच समजा."

गावातल्याच गिरधरने त्या भिंतीवर खडीची खाण काढली. आणि आज सभेत तोच म्हणतो, "मिस्त्रीना सुरुंगघाई विहीरना तळ फुटना. बठ्ठं पाणी पळी गयं!" म्हणजे सगळा दोष मिस्त्रींच्या सुरुंगाचा.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं : आधी तारीख, मग दिसलं ते, मत शेवटी. रोज सकाळी दोर सोडून मी विहिरीचं पाणी मोजते. सभेत उभी राहून तीच वही वाचली. मिस्त्रींनी आमच्या विहिरीचा तळ खोल केला गेल्या मेमध्ये. पुढे आठ महिने पाणी बारा हातांपेक्षा कमी झालं नाही. ३ फेब्रुवारीला खाणीत भिंत आरपार फोडली. ९ तारखेला विहिरीत पाच हात आणि खाणीच्या खड्ड्यात पाणी.

"अक्कानी वहीमा भाजीपालाना हिशोब बी र्‍हास!" गिरधर म्हणाला. सगळे हसले.

"मग खाणीत पाणी कुठून आलं?" मी विचारलं.

"गेल्या पावसाळ्याचं."

जब्बार उठले. "गिरधरभाऊ, जानेवारीत तुमचे ट्रक त्याच खड्ड्यात कोरडे उभे राहत होते."

हसू थांबलं. तरी ठरावाच्या बाजूने हात वर झालेच. ज्यांच्या विहिरी या माणसाने खोदल्या, त्यांचेच हात! जब्बारांनी पहार खांद्यावर घेतली आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

गावाचा टँकर त्याच खाणीवर भरतो. आमच्या विहिरीच्या जड पाण्यात तूरडाळ सात शिट्ट्या घेते, पावसाच्या पाण्यात तीन. गावातल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. सभेत एकीनेही तोंड उघडलं नाही. मलाही ते घरी आल्यावर आठवलं, याचा राग वेगळा.

संध्याकाळी टँकर आला. त्या पाण्यात वाटीभर डाळ लावली. सात शिट्ट्या.