गुरांचे डॉक्टर, एसटीचे आप्पा आणि आमची व्हेंचर कॅपिटल

आम्ही तिघं एकत्र आलो की घरातली माणसं आधी जेवून घेतात. आम्ही बोलायला बसलो की उठत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. मागे डॉक्टरांच्या नातीच्या बारशाला धुळ्यात जमलो, तर बाळाचं नाव काय ठेवलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी विचारावं लागलं. किस्से सांगायचे असं ठरवून आम्ही कधी बसत नाही. एक निघाला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो. आणि खरं सांगू का, तेव्हा यातलं काहीच किस्सा वाटत नव्हतं. तेव्हा नुसता गोंधळ होता. गोंधळ जुना झाला की त्याचा किस्सा होतो, एवढंच.

नव्वदीची सुरुवात असेल. जळगावात एका टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, मुंबईच्या एका व्हेंचर कॅपिटल कंपनीनं छोटं ऑफिस उघडलं. कुणाकडे नव्या धंद्याची कल्पना असेल तर त्याला कर्ज द्यायचं नाही, त्याच्या धंद्यात भागीदार व्हायचं. चालला तर दोघांचा, बुडाला तरी दोघांचा. आज मी हे एका दमात सांगते. तेव्हा आम्हालाच ते समजायला वर्ष गेलं.

प्रधान साहेब ऑफिसचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली गुंतवणुकीचे निर्णय घ्यायला आम्ही तिघं. डॉक्टर वानखेडे, म्हणजे गुरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. सोनवणे आप्पा, धुळ्याच्या एसटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक, गाड्या लावण्यात आणि पुकारण्यात उभा जन्म गेलेला. आणि मी मंगला, अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या लॅबमध्ये तेलाचे नमुने तपासणारी. हिशेबातलं कुणालाच काही येत नव्हतं.

*

आम्हाला का घेतलं, हा पहिला गोंधळ.

मुलाखतीत मला वाटलं होतं, साहेब शेअर बाजाराचं काही विचारतील. मी रात्रंदिवस पाठांतर करून गेले होते. साहेबांनी विचारलं, "तुमच्या गिरणीत कधी आग लागली होती का?"

"हो, एकदा लागली होती."

"तुम्ही काय केलंत?"

"पळाले."

"कुठे?"

"गेटकडे. पण मग परत आले. वजनकाट्यापाशी एक म्हातारे बसायचे, त्यांना ऐकू येत नव्हतं."

साहेब म्हणाले, "ठीक आहे, सोमवारपासून या."

आप्पांना विचारलं होतं, "गाडी कधी येणार ते तुम्हालाच माहीत नसेल, तर प्रवाशांना काय सांगता?" आप्पा म्हणाले, "माहीत नाही, असं सांगतो. शिव्या देतात, पण मारत नाहीत. खोटं सांगितलं की मारतात."

आप्पांनाही सोमवारपासूनच बोलावलं.

डॉक्टरांना तर काही विचारलंच नाही. डॉक्टर खुर्चीत बसले आणि साहेबांना म्हणाले, "तुमची झोप नीट होत नाही वाटतं." तेवढ्यावर निवड झाली. पुढे कितीतरी दिवस डॉक्टरांची समजूत अशी होती की आपल्याला कंपनीच्या डेअरीवर घेतलंय आणि डेअरी अजून यायची आहे.

*

ऑफिसच्या पाटीवर वर मोठ्या अक्षरात "व्हेंचर कॅपिटल" आणि खाली आमची नावं, त्यात पहिलं "डॉ. वानखेडे". पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, "साहेब, म्हणजे नेमकं काय?" आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि त्याला चहा दिला.

पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग पाचोऱ्याचे एक निवृत्त हेडमास्तर जिना चढून आले. डॉक्टरांच्या समोर बसले, तोंडातून कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. "डाव्या बाजूला टोचतेय," ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हे दातांचं ऑफिस नाही."

"बाहेर डेंचर लिहिलंय की. डॉक्टरचं नावही लिहिलंय."

"व्हेंचर आहे ते. आणि मी गुरांचा डॉक्टर आहे."

गुरुजींनी थोडा विचार केला. "बैलाचे दात बघता ना?"

"बघतो."

"मग माझे बघायला काय हरकत आहे? मी पाचोऱ्याहून आलोय."

डॉक्टरांनी त्यांची जुनी बॅग काढली. घोड्याचे दात घासायची कानस होती तिच्यात. ती धुतली, पुसली आणि कवळीचा टोचणारा कोपरा हलक्या हातानं घासून दिला. गुरुजींनी कवळी बसवली, जबडा इकडून तिकडे फिरवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांत त्यांनी भाकरी खाल्ली नव्हती.

"फी किती झाली?"

"फी नाही, गुरुजी."

जाता जाता ते दारात थांबले, पाटी पुन्हा वाचली आणि काळजीनं म्हणाले, "मग तुमचं चालतं कशावर?"

आम्ही तिघांनी साहेबांच्या केबिनकडे बघितलं. साहेब फाइल वाचत होते. निदान आम्हाला तसं दिसलं.

*

त्याच सुमारास माझं लग्न जमवणं चाललं होतं. स्थळ धुळ्याचं. मुलगा शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. माणूस मला पसंत होता, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. बघायला आलेल्या मंडळींत मुलाची आत्या होती, घरातला शेवटचा शब्द तिचा.

"पोरगी काय काम करते?" तिनं विचारलं.

माझ्या आईनं तोंडपाठ केलेलं उत्तर दिलं, "ती दुसऱ्याच्या धंद्यात लक्ष घालते."

वडील सावरायला गेले, "म्हणजे तसं नाही. कंपनी लोकांना पैसे देते. ही कुणाला द्यायचे ते ठरवते."

"म्हणजे सावकारी?"

"नाही नाही. सावकार परत मागतो. हे मागत नाहीत."

आत्याबाईंनी मला नीट न्याहाळलं. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "पैसा देस नि वापस मांगत नही? मंग पोर चांगली शे."

लग्न झालं. पहिल्याच दिवाळीला आत्याबाईंच्या सगळ्या पोरांनी नवीन धंद्याच्या कल्पना काढल्या.

*

पहिलं खरं प्रकरण आलं ते बोदवडकडचं. भास्कर तायडे नावाचा इलेक्ट्रिशियन. त्यानं एक डबा बनवला होता. विहिरीवरच्या मोटरीला तो जोडायचा, म्हणजे लाइट येईल तेव्हा मोटर आपोआप सुरू होणार. लाइटची वाट बघत शेतात पडून राहायला नको. या डब्यापायी त्यानं पर्मनंट नोकरी सोडली होती, आणि त्या दिवसापासून त्याचे वडील त्याच्याशी बोलत नव्हते. एका घरात राहायचे, एका ताटलीतली चटणी घ्यायचे, पण शब्द नाही.

आम्ही त्याच्या शेतावर पोचलो तर निंबाखाली गुरंच गुरं. डॉक्टर येणार ही बातमी आधीच पोचली होती. म्हशी, गोऱ्हे, कुणाची लंगडी शेळी. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. तायडे डबा हातात धरून उभाच राहिला.

रांगेत त्याचे वडीलही होते, बैल घेऊन. बैलाच्या खुरात काटा मोडला होता. डॉक्टरांनी तो काढला, औषध भरलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही गुरांसाठी आले का त्याच्यासाठी?" मुलाचं नावही त्यांनी घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "बैलासारखंच आहे, आबा. हाही कुठं अडलाय ते बघायला आलो."

म्हातारा गेला नाही. बांधावर बसून राहिला.

डबा जोडला, पण लाइट नव्हती. आम्ही बसलो. गुरं गेली, माणसं गेली. तायडेचं तोंड सुकलं होतं. तो दर थोड्या वेळानं तारांना हात लावून बघायचा. आप्पांनी सवयीनं विचारलं, "कधी येणार?" तो म्हणाला, "माहीत नाही." आप्पांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

ऊन कलल्यावर डब्यात खट् असा आवाज झाला आणि मोटर सुरू झाली. कुणी हात लावला नव्हता. पाइपातून आधी हवा आली, मग पाण्याची धार पाटात पडली. बांधावरचा म्हातारा दचकून उठला. डब्याजवळ आला, वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"अन् हे बंद कसं करायचं रे?" त्यानं मुलाला विचारलं.

तायडे डबा चाचपायला लागला. बटण त्यानंच बसवलेलं, पण त्याला ते सापडेना.

मुंबईला अहवाल पाठवायचा होता. साहेब म्हणाले, जे दिसलं तेच लिहा. डॉक्टरांनी लिहिलं, "माणूस रवंथ करून बोलतो. कष्टाळू. अंगात ताप नाही." आप्पांनी लिहिलं, "वेळ माहीत नसेल तर तसं सांगतो." मी लिहिलं, "मोटर चालू असताना जळका वास येत नाही." मुंबईहून मंजुरी आली. सोबत विचारणा होती की हे मूल्यमापनाचं तंत्र आम्ही कुठून शिकलो.

तायडेचे डबे पुढे मलकापूरपासून शिरपूरपर्यंत गेले.

*

मग मुंबईचे डायरेक्टर आम्हाला बघायला आले. टाय लावलेले, घामेजलेले. मीटिंग संध्याकाळपर्यंत लांबली. त्यातल्या एकानं आप्पांना विचारलं, "मिस्टर सोनवणे, तुमच्या मते आपली एक्झिट कशी असावी?"

गुंतवलेला पैसा काढून घेऊन धंद्यातून बाहेर कसं पडायचं, हा त्यांचा प्रश्न होता. आप्पांनी घड्याळात बघितलं, उठून उभे राहिले आणि स्टँडवरच्या त्यांच्या आवाजात म्हणाले, "घाई करू नये. गर्दी असते तेव्हा पुढच्या दारानं कुणी जाऊ नये. आधी लेडीज आणि म्हातारी माणसं उतरू द्यावीत. आपण सगळ्यात शेवटी."

डायरेक्टर लिहून घेत होते. निघताना त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला.

आप्पांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "मंगलाताई, गाडी चुकली का हो त्यांची?"

*

शेवटचा किस्सा साहेबांचा.

साहेब कडक इस्त्रीचे. पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे, आणि आम्ही अहिराणीत काही बोललो की समोरच्या भिंतीकडे बघायचे. त्यांचं गाव कुठलं, आधी काय करत होते, आम्हाला काही माहीत नव्हतं. विचारायचं धाडसही नव्हतं.

एकदा साहेबांसोबत धुळ्याहून जळगावला परत येत होतो. लग्नसराई होती. डॉक्टर जीप चालवत होते. पारोळ्याच्या पुढे एका गावात वरातीनं रस्ता अडवलेला. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, पण बँड वाजत नव्हता. क्लॅरोनेटवाले म्हातारे मास्तर रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. दम लागला होता त्यांना. वरातीतली माणसं चिडली होती. घोडाही वैतागला होता.

"मी बघतो," असं म्हणून साहेब उतरले. आम्हाला वाटलं, रस्ता मोकळा करायला सांगतील.

म्हाताऱ्या मास्तरांनी मान वर केली. साहेबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आते उना का तू?"

आत्ता आलास होय, असं. घरातल्या माणसाला म्हणावं तसं.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मास्तरांच्या हातातली क्लॅरोनेट घेतली, तोंडाकडचा भाग रुमालानं पुसला आणि वाजवायला लागले. पहिल्या सुराला बँडवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, दुसऱ्याला ढोल लागला. साहेब बँडकडे तोंड करून, वरातीच्या पुढे उलटं चालत, थेट मांडवापर्यंत वाजवत गेले. एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि एकदाही अडखळले नाहीत. म्हातारे मास्तर डोळे मिटून दगडावर बसून होते. त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

साहेब परत आले. वाद्य मास्तरांच्या मांडीवर ठेवलं, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि जीपमध्ये येऊन बसले. शर्ट घामानं भिजला होता. त्यांनी हात पुढे केला, मी घड्याळ दिलं.

एरंडोल आलं. मग आप्पांनी धीर केला.

"साहेब, तुम्ही आधी नेमकं कशात होतात?"

साहेबांनी घड्याळाचा पट्टा लावला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "फायनान्समध्ये."