यादीच्या शेवटचा नंबर

मला लिहायची सवय नाही. पण माझ्या सूनबाईविषयी कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

ती एका मोठ्या औषधांच्या दुकानात काम करते. गल्ल्याच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे तिचा संगणक. तिथून ती गिऱ्हाइकांना एका दमात मेसेज पाठवते: औषध आलं, सवलत आहे, उद्या दुकान बंद. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे मालक आधी पैसे भरून ठेवतात आणि मेसेज जातील तसे ते वळते होतात. आपल्या लिपीत सत्तर अक्षरं झाली की मेसेजचा एक भाग संपतो, काना-मात्रासुद्धा त्यात मोजतात. पुढे गेलं की दुसऱ्या भागाचे पैसे वेगळे. मालकांचा हात आखडता, त्यामुळे सूनबाई शब्द असे छाटते की मेसेज एका भागात बसलाच पाहिजे. घरीही ती मोजकंच बोलते. मुलगा म्हणतो, हिला माझ्याशी बोलायचेही पैसे पडतात.

तिची एक रीत आहे. प्रत्येक यादीच्या शेवटी ती माझा नंबर घालते. मला मेसेज आला की सगळ्यांना गेला असं समजायचं. आला की मी फोन करून सांगतो. मुलगा मला 'शेपटी' म्हणतो. म्हणू दे, मला तेवढंच काम आहे.

त्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. "बाबा, मेसेज आला?"

नाही म्हणालो. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल, कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल. तिने फोन बंद करून सुरू करायला सांगितला. केला. काही नाही. मग तिने हळू आवाजात सांगितलं: लहान मुलांच्या खोकल्याच्या एका औषधात चूक सापडली होती, बनवणाऱ्यांनी सगळ्या बाटल्या परत मागवल्या होत्या. नेलेल्या प्रत्येक घराला कळवायचं होतं. दुपारचं जेवण झालं की आया मुलांना औषध पाजतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आरोप येईल या धास्तीने या वेळी मजकूर मालकांनीच सांगितला होता. माननीय ग्राहक, दिलगिरी, आमची यात चूक नाही, सगळं त्यात. एक अक्षर गाळायचं नाही अशी तंबी देऊन ते बाहेर गेले. तिने यादीतली माणसं मोजली, शिल्लक पाहिली, पुरेशी होती, आणि पाठवून दिलं. इतकी वर्षं एक माणूस म्हणजे एक मेसेज हेच गणित होतं, इतकं की दुसरं असू शकतं हेच ती विसरली. हा मजकूर चार भागांचा होता. पैसे यादीच्या पाव वाटेतच संपले.

"मालक फोन उचलत नाहीत," ती म्हणाली. "मी शेवटून एकेकाला फोन लावतेय. तुम्ही फोन मोकळा ठेवा."

मी मोबाइल समोर ठेवून बसलो. चहा केला, प्यायलो नाही. शेजारच्या घरात एक मूल खोकलं, तसा मी उठून भिंतीला कान लावला.

मालक आले तेव्हाचं मला नंतर कळलं. पैसे गेले कुठे, म्हणून त्यांनी तिला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "माझ्या पगारातून कापा. पण भरा आत्ता, आणि मजकूर मी लिहिणार."

मालकांनी भरले.

माझा फोन थरथरला. 'खोकल्याचे औषध मुलांना देऊ नका. बाटली लगेच दुकानात परत आणा.' बस, एवढंच.

मी तिला फोन लावला, तो बऱ्याच वेळाने लागला. "आला," म्हणालो.

तिच्या मागे दुकानात कुणा बाईचा आवाज येत होता, की चमच्यात ओतलं होतं, तेवढ्यात मेसेज वाजला. मग सूनबाई म्हणाली, "बाबा, ठेवते. बाटल्या यायला लागल्यात," आणि तिने फोन ठेवला.

पगार कापला की नाही, ते तिने सांगितलं नाही. मी आता आंघोळीला जातानाही फोन दाराशी ठेवतो.