गाडी भरेपर्यंतचं दुकान

धुळ्यात ब्लाऊजपीस, फॉल, परकरांची तीन ‘मॅचिंग’ची दुकानं चालवणाऱ्या धनकुंवरबाई नव्या जागेला कधी टेप लावत नाहीत. बाजाराच्या दिवशी डबा घेऊन जातात आणि तिथे दिवसभर बसतात. ही अक्कल एरंडोलने दिली. तिथला पहिल्या मजल्यावरचा गाळा त्यांनीच हौसेने घेतला होता. पण रंग उन्हात बघायला खाली उतरलेली बाई पुन्हा जिना चढेना. वर्षात कुलूप लागलं.

आता चौथं दुकान. नातवाचं, मननचं पहिलंवहिलं. शिंदखेड्यात स्टँडसमोरच्या गाळ्यावर त्याचा जीव जडलेला. आज बाजाराच्या दिवशी दोघं सकाळपासून तिथेच बसलेले; पाच वाजता मालकाला होकार कळवायचा होता.

“दादी, गर्दी तर बघ!”

“बघतेय की. सकाळपासून एक तरी बाई थांबली? सगळ्यांचे डोळे बसच्या पाटीवर.”

मननचं तोंड एवढंसं झालं. तीन वाजता बाई उठल्या आणि बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या मागे चालू लागल्या, मनन त्यांच्या मागोमाग. पार त्या कडुलिंबापर्यंत, जिथून खेड्यांवरच्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या सुटतात. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. तोवर बायका ऐसपैस बसलेल्या.

“कोनी वाट देखी ऱ्हायनी, अक्का?” भाजीची रिकामी टोपली शेजारी ठेवून बसलेल्या लताबाईंनी विचारलं.

“तुमचीच!” म्हणत धनकुंवरबाईंनी पिशवीतून दुकानातली हिरवी कापडं काढली. पोपटी, शेवाळी, रामा.

लताबाईंनी लगेच भाचीच्या लग्नासाठी घेतलेली नवी साडी उलगडली. बघता बघता सात-आठ जणी गोळा झाल्या. एकीला शेवाळी जुनाट वाटला, दुसरीने तोच खांद्यावर टाकून पाहिला. कापड धरायला मनन उभा.

“भाऊ, उनमा धर ना! सावलीमा काय समजस?”

तो उन्हात सरकला. धनकुंवरबाई डब्यातला खाकरा मोडत गालातल्या गालात हसत होत्या.

खिशातला फोन वाजला. गाळ्याचा मालक असणार, पाच वाजले होते. मननचे दोन्ही हात कापडांनी भरलेले. त्याने फोन वाजू दिला. कडुलिंबामागे पत्र्याचं एक बंद गोदाम होतं. त्याच्या दारापर्यंत ऊन आलेलं.

“मावशी, हे गोदाम कोणाचं?”

“निंबा आबानं शे,” लताबाई म्हणाल्या. “पन भाऊ, पहिले मना रंग तं काढी दे!”