धुतलेलं ताट

पंजाबात अतिरेक्यांचे दिवस होते, मी चंदीगडला फौजेत ड्रायव्हर होतो. भिऊन घरात बसणारा मी नव्हे. बायकोला घेऊन डोंगरातल्या धबधब्याजवळ तंबू ठोकला. जंगलात आम्ही दोघंच.

आमच्या कोकणातल्या रीतीने तिने जागेच्या राखणदार देवासाठी डाळभाताचं ताट झाडाखाली ठेवलं.

"माकडांची चंगळ!" मी म्हटलं.

"हसा! सांभाळणार तोच आहे."

धबधब्याच्या आवाजात रात्रभर दुसरं काही ऐकूच आलं नाही. सकाळी ताट तंबूच्या दाराशी होतं, घासूनधुऊन पालथं घातलेलं.

"पावला हो राखणदार!" तिने हात जोडले.

राखणदार ताट घासत नाही, एवढं मला न शिकताही कळतं. मी तंबूच्या खुंट्या उपटल्या. निघताना उरलेला भात मात्र मीच त्या झाडाखाली ठेवून आलो.