रिकामं पेव

माझा बा गावात भांडकुदळ म्हणून ओळखला जायचा, आणि त्याची सगळी भांडणं माझ्यावरून असायची. ओढ्यावर एका पोराने मला ढकललं, तर बाने त्याला आसुडाने फोडून काढलं. माझ्याकडे बघून शीळ घालणाऱ्या गड्याचे पुढचे दात पाडले. आई मी रांगत असतानाच गेली होती. तेव्हापासून बाचा जीव माझ्यात आणि माझा जीव त्याच्या मुठीत, असं चाललं होतं.

बाजाराला मला न्यायचं नाही, विहिरीवर एकटीला सोडायचं नाही. मी चांगली तेरा-चौदा वर्षांची घोडी झाले, तरी बांधापलीकडचं जग बाच्या पाठीमागूनच बघत होते. मनातून संताप व्हायचा. पण त्याला उलटून बोलायची छाती नव्हती.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. आमच्या शिरड शहापूरच्या भागात हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. कोणी कुणाच्या नावाने यायचे, कोणी कुणाच्या. काठी कुणाचीही असो, पाठ आमचीच सोलून निघायची. त्यांना धान्य हवं असायचं, आणि घरात तरणी पोर दिसली तर तिचंही काही खरं नसायचं.

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात एक पेव होतं. ज्वारी साठवायला जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. बाने ते स्वतः खणलं होतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. नवी ज्वारी अजून शेतात उभी होती, त्यामुळे पेव रिकामं होतं. टोळी आल्याची आरोळी झाली की बा मला दोराने त्यात सोडायचा, तोंडावर फरशी सरकवायचा आणि वर उकिरडा ओढायचा.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी त्याने मला असंच आत सोडलं. आतला अंधार असा, की डोळे उघडले काय आणि मिटले काय. डोक्यावर पावलं धपधपली. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. मी ओरडले, फरशीला हात पुरतो का बघितलं, भिंत ओरबाडून नखं मोडून घेतली. शेवटी फरशी खरखरत, थांबत थांबत सरकली. वर बाचं तोंड दिसलं. एक डोळा सुजून मिटलेला, दाढीत रक्त. उजवा हात कोपरापासून नुसता लोंबत होता. खांदा लावून त्याने ती फरशी ढकलली होती.

शेजारची पिंजाऱ्याची चाची हाताला कामट्या बांधायला आली. तिने दाराच्या फटीतून सगळं बघितलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते लोक पेव कुठं हाय इचारत होते, बेटी. तुजा बाप म्हनला, ज्वारी न्हाई, पेव रिकामं हाय. ते म्हनले, मंग दाखव. दाखविना म्हून हात मोडला. रिकामं होतं तर दाखवलं काहून न्हाई गं त्यानं?"

तिला काय सांगणार? ते हाड माझ्यामुळे मोडलं होतं, आणि बाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट खुशीत होता, पोरगी वाचली म्हणून.

हातावरच्या कामट्या सुटायच्या आधीच पुन्हा आरोळी झाली. बा दोर घेऊन धावत आला.

"म्या न्हाई जायची," मी म्हणाले.

"चल, मुकाट्यानं!" त्याने डाव्या हाताने माझी वेणी धरून मला पेवाकडे फरफटत नेलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले आणि दोन्ही हातांनी ढकललं. तो पाठीवर पडला. बाला मी पाडलं होतं. तरी उकिरडा बाजूला सारला, फरशी लोटली, पेवाचं तोंड उघडं टाकलं आणि विळा उचलून अंगणालगतच्या ज्वारीत शिरले.

ताटांमधून अंगण दिसत होतं. ते आले. एकाने बाच्या पाठीत बंदुकीचा दस्ता घातला. बाने पेवाकडे बोट केलं. एकजण वाकला, आत बघून थुंकला. मग त्यांनी बाला लाथांनी तुडवलं, कडब्याची गंजी पेटवली आणि निघून गेले. आणखी एक दस्ता बसला असता तर मी विळा घेऊन धावले असते, असं आज म्हणते. तेव्हा जागची हललेही नाही.

बा लंगडत ज्वारीत आला. त्याने काडकन माझ्या मुस्काटात दिली. आजवर गावाला मारलं होतं, मला कधीच नाही.

"त्यायनं तुला बघितलं असतं तर? म्या काय केलं असतं?"

पुन्हा त्याने हात उगारला. मी मागे सरले नाही.

"अन् त्या दिशी त्यायनं तुला जिवं मारलं असतं, तर मला पेवातून कोनं काढलं असतं, बा?"

त्याचा हात तसाच वर राहिला. मग तो ताटं मोडत मटकन खाली बसला. "हे म्या मनातच आनलं न्हाई गं," एवढंच म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला.

उठला तो सरळ अंगणात गेला. गंजी अजून जळत होती, तिकडे त्याने बघितलंही नाही. डाव्या हाताने पेवात माती लोटायला लागला.